क्वेसारभोवतीचा वायू का उजळतो : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

काम ठरलं. नवं निरीक्षण काही घ्यायचं नाही. चिलीतल्या पारानालवर व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार दुर्बिणींपैकी येपून या दुर्बिणीला २०१४ पासून म्यूज नावाचं उपकरण जोडलेलं आहे. त्याचा डेटा मुदत संपली की युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुला होतो. त्यातून रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) ३.१७ च्या आसपासचा एक क्वेसार (दीर्घिकेच्या मध्यावरच्या प्रचंड कृष्णविवराभोवतीचा अतिशय प्रखर स्रोत) उचलायचा आणि त्याच्याभोवती हायड्रोजनचा मेघ उजळलेला दिसतो का, कुठवर दिसतो आणि कशामुळे, हे स्वतः काढून बघायचं. या रेडशिफ्टचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास होतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तशी छापून आलेलीच आहेत. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत ते बोलून टाकलं : "मेघ दिसणार, त्यात काही शंका नको. तो का दिसतोय ते सांगता आलं तर प्रकल्प झाला म्हणायचं."

१२ जानेवारी

वाचन. आधीचं कोणी काय पाहिलं याची उजळणी करून ठेवते, म्हणजे अहवालाच्या वेळी शोधाशोध नको.

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून पहिल्या पातळीवर उतरला की १२१५.६७ अँगस्ट्रॉमचा अतिनील फोटॉन बाहेर पडतो. ही लायमन-अल्फा रेषा. कोवळ्या दीर्घिका या रेषेत ठळक दिसतील, असं पार्ट्रिज आणि पीबल्स यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. प्रत्यक्षात दीर्घिका हाती लागायला पुढे बराच काळ गेला. दूरच्या रेडिओ दीर्घिकांभोवती मात्र या रेषेत उजळलेला पसरट वायू १९८० च्या दशकापासून दिसू लागला होता. तेव्हा तो रेडिओ झोतांचा प्रताप मानून लोक पुढे जात.

२००० साली चार्ल्स स्टायडल आणि सहकाऱ्यांनी आकाशाच्या एसएसए२२ या भागात रेडशिफ्ट ३.०९ ला दोन प्रचंड मेघ दाखवले. तिथे दीर्घिकांची दाटी आहे, पुढे जाऊन त्याचा दीर्घिकासमूह होईल अशी. मेघांजवळ ठळक रेडिओ स्रोत नव्हता, डोळ्यांत भरेल असा क्वेसारही नव्हता. त्यातला एलएबी-१ सुमारे ३ लाख प्रकाशवर्षं पसरलेला. आपल्या आकाशगंगेची तबकडी त्याच्या एक तृतीयांश भरते. २००४ मध्ये मात्सुदा यांच्या गटाने सुबारू दुर्बिणीने त्याच भागात असे ३५ मेघ मोजले.

हे सगळं अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने केलेलं काम. म्हणजे एकाच रेडशिफ्टला जुळणारी काच, आणि वस्तू नेमकी त्या रेडशिफ्टला असली तरच दिसणार. स्लग नावाने प्रसिद्ध झालेला मेघ (२०१४, क्वेसार यूएम २८७, रेडशिफ्ट २.२८) कांटालुपो यांच्या गटाला केक दुर्बिणीवर सापडला, त्यासाठी त्यांनी त्या क्वेसारच्या मापाचा फिल्टर मुद्दाम बनवून घेतला होता. मेघाची लांबी निघाली सुमारे १५ लाख प्रकाशवर्षं.

म्यूज आल्यावर काच बदलण्याची कटकटच संपली. २०१६ च्या पाहणीत १७ क्वेसार बघितले आणि सतराही जणांभोवती मेघ निघाले. २०१९ च्या मोठ्या पाहणीत ६१ क्वेसार होते. ज्या गोष्टीची एकेक उदाहरणं नाव देऊन मिरवली जात होती, ती पाच-सात वर्षांत रोजची झाली.

१९ जानेवारी

क्यूब उतरवून घेतला, म्हणजे म्यूजचा त्रिमितीय डेटा : दोन मिती आकाशाच्या, तिसरी तरंगलांबीची. म्यूज आकाशाचा एक आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग; त्याचा साठावा भाग म्हणजे आर्कसेकंद) गुणिले एक आर्कमिनिट एवढा चौकोन २४ तुकड्यांत कापतो, प्रत्येक तुकडा आपापल्या वर्णपटमापकाकडे पाठवतो आणि चौकोनातल्या प्रत्येक ०.२ आर्कसेकंदाच्या ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट देतो. ठिपके साधारण ९० हजार. प्रत्येकाचे साधारण ३,७०० थर, दर १.२५ अँगस्ट्रॉमला एक. गुणाकार केला की ३३ कोटी, आकडा तसा ओळखीचाच. शिवाय प्रत्येक आकड्याच्या सोबतीला त्याचा व्हेरियन्स (गोंगाटाचं माप), म्हणून फाइल दुप्पट. लॅपटॉपची मेमरी पुरत नाही. आपल्याला लागतो तेवढाच तरंगलांबीचा पट्टा कापून घेतला.

कुठला पट्टा? १२१५.६७ ला रेडशिफ्ट अधिक एक, म्हणजे ४.१७ ने गुणलं की ५०६९ अँगस्ट्रॉम. अतिनील रेषा ताणून थेट हिरव्यात आलेली. हीलियमची १६४० ची रेषा ६८४० ला आणि तिहेरी आयनित (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनची १५४९ ची रेषा ६४६० च्या आसपास येईल. तेही पट्टे सोबत घेतले, पुढे लागणार आहेत.

या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे साडेसात किलोपार्सेकच्या (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) किंचित वर, जवळजवळ २५ हजार प्रकाशवर्षं. अख्खा चौकोन १५ लाख प्रकाशवर्षांचा. स्लगसारखं काही निघालं तर चौकोनाबाहेर जाईल. बहुतेक क्वेसारांचे मेघ शेकडा किलोपार्सेकच्या घरातले, त्यांना ही खिडकी पुरते.

२३ जानेवारी

सहकाऱ्याने विचारलं की एवढा मोठा मेघ, मग इतकी वर्षं दिसला का नाही. कागदावर मांडून दाखवलं.

पसरट वस्तूचं पृष्ठतेज रेडशिफ्ट अधिक एक याच्या चौथ्या घाताने घटतं. ४.१७ चा चौथा घात ३०० च्या वर. म्हणजे तोच मेघ आपल्या शेजारी असता तर दर चौरस आर्कसेकंदाला तीनशेपट उजळ दिसला असता. आपल्याला मोजायचं आहे ते दहाचा उणे अठरावा घात इतके अर्ग (ऊर्जेचं एकक), दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरला, दर चौरस आर्कसेकंदाला. चांगल्या काळोख्या रात्री, चंद्र नसताना, नुसतं आकाशच याच्या शंभरपट आणि वर उजळ असतं. तीसेक अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात धरलं तर मेघाचा कडेचा भाग आकाशाच्या तेजाचा एक टक्काही भरत नाही.

थोडक्यात, आकाश वजा करताना एक टक्क्याची गडबड झाली तर तीच मेघ म्हणून मिरवेल. नशिबाने ५०६९ च्या आसपास वातावरणाची जोरकस रेषा नाही. आकाशाचे उरलेसुरले अंश काढायला झॅप ही तयार प्रणाली आहे, पण ती मुख्य घटक शोधून वजाबाकी करते. पसरट मेघाचाच अंश तिने घटक म्हणून उचलला तर? म्हणून क्वेसारभोवतीचा मोठा भाग मास्क करून, म्हणजे हिशेबातून झाकून, मगच ती चालवली.

३० जानेवारी

क्वेसार काढून टाकण्याचं काम. यावरच सगळं अवलंबून, म्हणून सविस्तर.

क्वेसार हा बिंदू. पण हवेच्या थरथरीमुळे तो क्यूबमध्ये एका आर्कसेकंदाच्या आसपास फुगतो आणि त्याचे पंख त्याहून कितीतरी दूर जातात. मध्यावर तो मेघापेक्षा हजारोपट तेजस्वी, म्हणजे पंख मेघाच्या तोडीचे. ते तसेच ठेवले तर प्रत्येक क्वेसारभोवती सुंदर गोल मेघ सापडेल आणि तो खोटा असेल.

तारा घेऊन त्याचा आकार वापरता येतो, पण आपल्या चौकोनात पुरेसा ठळक तारा नाही. मग २०१६ च्या पाहणीतली रीत घेतली. क्वेसारचाच आकार क्वेसारकडूनच शिकायचा. प्रत्येक थरासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेएक थर एकत्र करून एक चित्र बनवायचं. इतक्या रुंद पट्ट्यात मेघाची अरुंद रेषा विरून जाते, क्वेसारचा अखंड (सगळ्या तरंगलांबींत पसरलेला) प्रकाश तेवढा उरतो. हे चित्र मध्यावरच्या एक आर्कसेकंदात जुळवायचं आणि त्या थरातून वजा करायचं. मग पुढचा थर. आकार तरंगलांबीबरोबर हळूहळू बदलतो, तोही यात आपोआप सांभाळला जातो.

किंमत एकच : जुळवणी जिथे केली तो मधला एक आर्कसेकंदाचा चौकोन कायमचा बाद. तिथे वजाबाकीनंतर शून्य येणारच, कारण आपणच तो शून्याला बांधलाय. २५ हजार प्रकाशवर्षांचा हा भाग म्हणजे क्वेसारची यजमान दीर्घिका. तिच्यातच वायूचं काय चाललंय हे सर्वात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच झाकलं जातं. लेखांमधल्या चित्रांत मध्यभागी छोटा चौकोन पांढरा सोडलेला असतो. तो नीट बघायची सवय लावून घ्यायला हवी.

पडताळा म्हणून हीच कृती लायमन-अल्फापासून दूर, जिथे कुठलीच रेषा अपेक्षित नाही अशा पट्ट्यात केली. तिथे मध्याभोवती काहीच उरलं नाही, नुसता गोंगाट. मग ५०६९ ला परत आले.

३१ जानेवारी

उरलं. डाव्या खालच्या बाजूला जास्त, उजवीकडे कमी. स्मूदिंगच्या (शेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊन गोंगाट दाबण्याच्या) आधीच, एकेका थरात डोळ्यांना दिसतंय. सलग काही थर पुढे-मागे केले की तेज एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं. वजाबाकीतून उरलेला गाळ असा सरकत नाही.

६ फेब्रुवारी

क्वेसारपासून बऱ्याच अंतरावर, मेघाच्या सोंडेच्या टोकाशी एक ठळक गाठ. सहकारी खूश, कारण त्याला ती मेघाच्या आत जन्मणारी दीर्घिका वाटली. वर्णपट काढला. ५०६९ च्या जवळ रेषा आहेच, पण ६६११ आणि ६८०९ लाही आहेत. रेडशिफ्ट ०.३६ धरलं की सगळं जागेवर बसतं : ३७२७ ची ऑक्सिजनची जोडरेषा, ४८६१ ची हायड्रोजनची, ५००७ ची ऑक्सिजनची. मधे उभी असलेली एक साधी दीर्घिका, मेघाशी तिचा काडीचा संबंध नाही. मास्कमध्ये टाकली. सोंड थोडी आखूड झाली.

अशी दीर्घिका एकच रेषा दाखवणारी असती तर जोडरेषेच्या दोन शिखरांवरूनच काय ते ठरवावं लागलं असतं, आणि या तरंगलांबीला म्यूजमध्ये ती दोन शिखरं जेमतेम सुटी होतात. अरुंद फिल्टरच्या काळात तर हा धोका घरोघरचा होता.

१४ फेब्रुवारी

मेघाचा नकाशा तयार करण्याची पद्धत ठरवायची होती. एकाच जाडीचा पट्टा घेऊन बेरीज केली की जिथे रेषा अरुंद आहे तिथे उगाच गोंगाट भरला जातो. त्याऐवजी तीनही मितींत थोडं स्मूदिंग करून, गोंगाटाच्या दुप्पट वर असलेले आणि एकमेकांना चिकटलेले व्हॉक्सेल (क्यूबमधले त्रिमितीय ठिपके) निवडायचे, आणि प्रत्येक ठिपक्यावर फक्त निवडलेल्यांची बेरीज करायची. या क्षेत्रात हीच रूढ रीत.

चित्र देखणं येतं. अडचण अशी की कडा फार ठाम दिसते. म्हणून दुपटीऐवजी तिप्पट उंबरठा लावून पाहिला, मेघ आकसला. स्मूदिंग वाढवलं, मेघ फुगला. अर्ध्याच एक्स्पोजरचा क्यूब बनवून तीच रीत चालवली, परत आकसला. एकूण पसारा सव्वाशे किलोपार्सेकच्या आगेमागे, पण "मेघ इथे संपतो" असं म्हणायला कुठेच जागा नाही. आपली निरीक्षणं तिथे संपतात, एवढंच.

मॅडमचं मत : कडेवर बोलूच नका, मध्यापासून अंतरानुसार सरासरी तेज कसं घटतं ते द्या. त्यासाठी उंबरठा न लावता, ठरलेल्या वेग-पट्ट्यात, वर्तुळाकार कड्यांमध्ये सरासरी घेतली. आता कडेबाहेरच्या कड्यांतही शून्याच्या वर काहीतरी राहतंय. २०२१ मध्ये म्यूजच्या १४० तासांच्या निरीक्षणात क्वेसार नसलेल्या भागातही दीर्घिकांना जोडणाऱ्या वायूच्या धाग्यांचा अंधूक उजेड दिसला, ते वाचल्यावर यात नवल वाटत नाही. कुणी किती वेळ दुर्बीण रोखून धरली यावर मेघाचं माप ठरतं. वेगवेगळ्या लेखांतले आकार शेजारी ठेवून "हा मोठा, तो लहान" म्हणताना हे विसरलं जातं, आणि छापील तक्त्यांतही विसरलेलं आहे.

२२ फेब्रुवारी

वेगाचा नकाशा. एक थर १.२५ अँगस्ट्रॉमचा, इथे सेकंदाला सुमारे ७४ किलोमीटर. प्रत्येक ठिपक्यावर रेषेचा सरासरी वेग काढला. एक बाजू आपल्याकडे येतेय, दुसरी दूर जातेय असा उतार आहे. रेषेची रुंदी सेकंदाला काहीशे किलोमीटर. क्वेसारच्या स्वतःच्या रेषा हजारो किलोमीटरच्या, त्यामुळे हा उजेड कृष्णविवराजवळचा नाही, शांत वायूचा आहे, हे नक्की. एवढ्या वस्तुमानाच्या, म्हणजे सूर्याच्या लाखो कोटी पटींच्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडळात (दीर्घिकेला वेढणाऱ्या पसाऱ्यात) वायू गुरुत्वाकर्षणाने जितका हलावा तितकाच हलतोय.

उतार म्हणजे फिरणं का? सहकाऱ्याने पटकन तबकडीचं मॉडेल बसवलं आणि ते बसलंही. पण दोन विरुद्ध बाजूंनी आत येणारे वायूचे प्रवाहही असाच उतार देतील.

शिवाय वेगाचा शून्य कुठे धरायचा? क्वेसारचा नेमका रेडशिफ्ट हवा. आपल्या क्यूबमध्ये त्याच्या कार्बनच्या रुंद रेषा आहेत, आणि कार्बनची १५४९ ची रेषा क्वेसारच्या वाऱ्यांमुळे निळ्याकडे सरकलेली असते, कधी सेकंदाला हजार किलोमीटरपर्यंत. भरवशाची रेषा ऑक्सिजनची ५००७, ती या रेडशिफ्टला थेट २०,८८० अँगस्ट्रॉमला जाते, अवरक्तात. म्यूज ९३०० लाच थांबतो. तेव्हा अख्खा मेघ क्वेसारच्या मानाने येतोय की जातोय हे आपल्या डेटावरून बोलता येणार नाही. उतार तेवढा टिकतो, कारण तो मेघाच्या आतल्या आतला आहे.

२९ फेब्रुवारी

आता खरा प्रश्न. उजळण्याची कारणं चार, आणि चारही इथे शक्य.

पहिलं, क्वेसारच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे अणू फुटतात. इलेक्ट्रॉन परत प्रोटॉनला भेटला की उतरताना लायमन-अल्फा सोडतो, दर तीन पुनर्मीलनांमागे साधारण दोन वेळा. क्वेसार एवढा प्रखर आहे की प्रकाशाचा तुटवडा नाही; किती उजळेल ते फक्त वायूच्या घनतेवर ठरतं, तेही घनतेच्या वर्गावर. इथेच गोम आहे. स्लगचं तेज अशा रीतीने समजावायचं आणि वायू सगळीकडे सारखा पसरलेला मानायचा, तर सूर्याच्या लाख कोटी पटींच्या आसपास वायू लागतो, अशा प्रभामंडळांत बसणार नाही इतका. सुटका एकच : वायू सारखा पसरलेला नाही, लहान दाट गाठींमध्ये आहे. गाठी किती लहान? हिशेब दहा-वीस पार्सेकपर्यंत खाली उतरतो. शंभर किलोपार्सेकच्या मेघात वीस पार्सेकच्या गाठी. विश्वाच्या उत्क्रांतीची मोठी संगणकीय प्रतिरूपं या मापाला पोहोचतच नाहीत. त्यात भोवतालचा वायू दहा लाख अंशांच्या वर तापलेला आणि या गाठी दहा हजार अंशांच्या. त्या विरघळून का जात नाहीत, यावर अजून वाद चालू आहे.

दुसरं, थंड होणारा वायू. धाग्यांमधून आत पडताना गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा उष्णतेत बदलते, दहा-वीस हजार अंशांना इलेक्ट्रॉनच्या धडकेने हायड्रोजन उत्तेजित होतो आणि लायमन-अल्फातून ती ऊर्जा बाहेर टाकतो. सिद्धांतवाल्यांना हे कारण फार आवडतं, कारण दीर्घिकांना खाद्य पुरवणारे थंड प्रवाह यातून सरळ दिसले असते. गोची अशी की तापमान किंचित हललं तरी तेज अनेक पटींनी बदलतं, त्यामुळे कुठलाही आकडा जुळवता येतो. कशालाही जुळणाऱ्या कारणावर माझा जीव बसत नाही.

तिसरं, धक्कालहरी. क्वेसारचा किंवा स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा वारा वायूवर आदळतो. मग रेषा रुंद हव्यात. आपल्या नकाशात त्या शांत आहेत, म्हणून हे कारण मागे ठेवलं.

चौथं, विकिरण, म्हणजे प्रकाश विखुरणं. लायमन-अल्फाचा फोटॉन कुठल्याही थंड हायड्रोजन अणूला भेटला की गिळला जातो आणि नॅनोसेकंदाच्या आसपास पुन्हा सोडला जातो, भलत्याच दिशेला. तेव्हा उजेड मध्यावर जन्मलेला आणि मेघ नुसता धुक्यासारखा उजळलेला असंही असू शकतं. या कारणामुळे मला ही रेषा साक्षीदार म्हणून पसंत नाही. विश्वातली सर्वात ठळक रेषा, पण ती कुठून निघाली हे लपवते आणि वाटेत तिचा वेगही बदलतो. मागच्या आठवड्यातला सुंदर उतार काही अंशी याचाही असू शकेल.

विकिरण असेल तर प्रकाश ध्रुवित हवा. एलएबी-१ वर २०११ मध्ये ही चाचणी झाली. मध्यावर ध्रुवीकरण नाही, कडेकडे ते वाढत जाऊन २० टक्क्यांच्या घरात, आणि दिशा मध्याभोवती कड्यासारखी. म्हणजे तिथे तरी उजेडाचा मोठा भाग आत जन्मून बाहेर विखुरलेला. म्यूज ध्रुवीकरण मोजत नाही, तेव्हा आपल्याला ही वाट बंद.

११ मार्च

उरली वाट दुसऱ्या रेषांची. हीलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन उपटायला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, हायड्रोजनच्या १३.६ च्या चौपट. तारे असा कडक प्रकाश फारसा देत नाहीत, क्वेसार देतो. आणि हीलियमची १६४० ची रेषा लायमन-अल्फासारखी वाटेत अडकत नाही, सरळ बाहेर येते. सगळा वायू क्वेसारने पूर्ण आयनित केला असेल तर हीलियमचं तेज लायमन-अल्फाच्या ०.३ पट यायला हवं.

६८४० च्या पट्ट्यावर तीच सगळी कृती केली, म्हणजे क्वेसारची वजाबाकी, अखंड प्रकाशाची वजाबाकी आणि लायमन-अल्फाच्या नकाशातला आकार साचा म्हणून वापरून बेरीज. उत्तर : काही नाही. पण "काही नाही" ही नोंद नव्हे, किती नाही ते लिहायला हवं. रेषा नसलेल्या शेजारच्या पट्ट्यांत हाच साचा ठिकठिकाणी ठेवून बेरजा घेतल्या, त्या किती विखुरल्या आहेत ते काढलं, त्यावरून वरची मर्यादा. आतल्या, उजळ भागात ती ०.३ च्या बरीच खाली येते. बाहेरच्या भागात लायमन-अल्फाच इतका मंद की मर्यादा निरुपयोगी.

म्हणजे आतल्या भागात साधं चित्र टिकत नाही. एक तर गाठी इतक्या दाट आहेत की हीलियम पुन्हा पुन्हा एक इलेक्ट्रॉन पकडून बसतो, किंवा लायमन-अल्फात विकिरणाची भर पडलीय आणि म्हणून भागाकार खाली येतोय. दोन्हीत फरक करायला कार्बनची रेषा उपयोगी पडते असं वाचलं होतं. तीही दिसली नाही, आणि ती न दिसण्याचं कारण वायूत कार्बन कमी असणं हेही असू शकतं. त्या बाजूला जास्त वेळ घालवला नाही.

१९ मार्च

मॅडमबरोबर लांब चर्चा. त्यांचा प्रश्न : क्वेसार नसलेल्या मेघांचं काय? तिथे उजेड कोण देतो?

एलएबी-१ मध्ये मध्यावर काही नाही असं सुरुवातीला वाटायचं. २०१६ मध्ये आल्मा या रेडिओ दुर्बिणीने धुळीत दडलेल्या, झपाट्याने तारे बनवणाऱ्या दीर्घिका त्याच्या पोटात दाखवल्या. दुसरं उदाहरण दक्षिणेकडच्या गूड्स क्षेत्रातल्या (खोलवर पाहणी झालेल्या आकाशाच्या तुकड्यातल्या) मेघाचं. २००६ मध्ये त्याच्याजवळ कुठलाच स्रोत सापडला नाही, म्हणून आत पडणाऱ्या थंड वायूचा तो नमुना ठरवला गेला. जवळजवळ दहा वर्षांनी नव्या डेटावर पुन्हा पाहिलं तर शेजारी धुळीआडचं सक्रिय केंद्रक (कृष्णविवरामुळे उजळलेला दीर्घिकेचा मध्य) निघालं. त्या केंद्रकाचा उजेड आपल्या दिशेला अडलेला, पण मेघाच्या दिशेला मोकळा. "दिवा दिसला नाही" यावरून "दिवा नाही" असं म्हणायची या विषयात फार घाई झालेली आहे.

स्पायडरवेब या रेडिओ दीर्घिकेभोवतीचा मेघ (रेडशिफ्ट २.१६) वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा. त्याच्या प्रभामंडळात नुसता उजळ आयनित वायू नाही, २०१६ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेतून तिथे थंड रेण्वीय वायूचाही पसारा सापडला, आणि दीर्घिकांच्या मधल्या जागेत तारे जन्मताहेत. म्हणजे मेघ नुसता उजळत नाही, तो वापरला जातोय.

आणि २०१९ मध्ये एसएसए२२ च्या गाभ्यात म्यूजने दहा लाख पार्सेकहून लांब धागे दाखवले, त्यांच्यावरच धुळकट दीर्घिका आणि सक्रिय केंद्रकं ओवलेली. तिथे उजेड एकाच दिव्याचा नाही. माझं मत असं की एकेका मेघाला एकेक कारण चिकटवण्याचा अट्टहासच सोडायला हवा. आतला भाग एका कारणाने आणि बाहेरचा दुसऱ्याने, हे सहज शक्य आहे. मॅडमना हे पटलं नाही. त्यांच्या मते ही पळवाट आहे, आणि जिथे दोन कारणं जुळतात तिथे ती वेगळी करणारी मोजणी सुचवणं हे काम आहे.

२६ मार्च

त्यांच्या म्हणण्यावर विचार करून एक हिशेब केला. क्वेसारच्या प्रकाशाला मेघाच्या कडेला पोहोचायला वेळ लागतो. ६० किलोपार्सेक म्हणजे जवळजवळ २ लाख वर्षं. दर घनसेंटीमीटरला एक कण असलेला वायू पुन्हा जोडला जायला सव्वा लाखाच्या आसपास वर्षं घेतो, दाट असेल तर त्याहून लवकर. क्वेसार कधी पेटला, मधे विझला का, याची खूण मेघाच्या आत-बाहेरच्या तेजात राहायला हवी. विकिरणात मात्र नुसता प्रकाशाचा उशीर राहतो, पुनर्मीलनाचा नाही. तत्त्वतः फरक दिसू शकतो. आपल्या एकाच मेघात तो दिसण्याइतका सिग्नल नाही, पण तीसेक मेघांच्या सरासरी आलेखांवर करून बघण्यासारखं आहे. मॅडम म्हणाल्या, "आता प्रश्न झाला." तेवढ्यावर समाधान.

३ एप्रिल

अहवालात काय जाणार ते पक्कं केलं. कडेचा आकडा देणार, पण उंबरठा, स्मूदिंग आणि एक्स्पोजर त्याच वाक्यात. वेगाचा उतार देणार, "फिरणारी तबकडी" हा शब्द गाळला. हीलियमची मर्यादा फक्त आतल्या भागासाठी. कारणांमध्ये धक्कालहरी मागे पडतात एवढंच ठामपणे. पुनर्मीलन आणि विकिरण यांत आपल्या डेटावरून निवड होत नाही, तसंच लिहिलं.

पुढच्या क्यूबांची यादी सहकाऱ्याने केली. तीतून रेडशिफ्ट ३.५९ च्या आसपासचे सगळे उडवले, कारण त्यांचा लायमन-अल्फा नेमका ५५७७ अँगस्ट्रॉमवर, वातावरणातल्या ऑक्सिजनच्या जोरकस हिरव्या रेषेवर येऊन पडतो. ३.८५ च्या जवळचे, हवेची थरथर मोजायला लेसर वापरून घेतलेले क्यूबही बाद. लेसरचा पिवळा उजेड अडवायला ५८९० भोवतीची पट्टी तिथे झाकलेली असते. उरलेल्यांतले ज्यांचा ५००७ वरून काढलेला रेडशिफ्ट अवरक्त निरीक्षणांत उपलब्ध आहे ते आधी घ्यायचे. उतरवायला लावले आहेत.